जुनं लाँगआर्म घ्यायचंय? आधी तळघर मोजा

लाँगआर्म म्हणजे फ्रेमवर ताणलेलं क्विल्ट शिवायचं मोठं मशीन. "जुनं लाँगआर्म मशीन घ्यायचंय, किती इंची घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "तळघर किती बाय कितीचं आहे?" समोरचीला वाटतं मी उत्तर टाळतेय. पण मशीनचं डोकं बिघडलं तर मेकॅनिक येतो, सुटा भाग मिळतो, दोनचारशे डॉलर जातात आणि काम सुरू होतं. बारा फुटी फ्रेम जिन्याच्या वळणावर अडकली किंवा खोलीत बसल्यावर माणसाला फिरायलाच वाट उरली नाही, तर त्याला कुठला मेकॅनिक काय करणार? म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी खोली, मग फ्रेम आणि शेवटी मशीन. जाहिराती मात्र मशीनचा फोटो आधी दाखवतात, आणि सगळ्या जणी तिथेच फसतात.

मी आयोवात, डे मॉइनला राहते. इथून दीडेक तासावर कॅरोलला एपीक्यूएस कंपनीची लाँगआर्म मशीन बनतात, खाली मिसुरीत वेस्ट प्लेन्सला गॅमिल कंपनीची. जवळच विंटरसेटला क्विल्टचं संग्रहालय आहे, आणि मिसुरीतलं हॅमिल्टन हे गाव तर क्विल्टच्या दुकानांवरच पुन्हा उभं राहिलंय. त्यामुळे आमच्या भागात वापरलेली मशीन सतत विकायला निघतात. कुणाचे खांदे दुखायला लागतात, कुणी मोठं घर विकून फ्लॅटमध्ये जातं, कुणी हौसेने घेतलेलं असतं आणि आता त्या फ्रेमवर टॉवेल वाळत असतात. हे शेवटचे विक्रेते सगळ्यांत चांगले, ते पुढे सांगतेच.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घरच्या शिलाई मशीनवर आपण कापड सुईखाली सरकवतो. लाँगआर्मवर वरचा टॉप, मधलं बॅटिंग (मऊ भरणीचा थर) आणि खालचं अस्तर फ्रेमच्या रोलरांवर ताणून बसवतात आणि दोन मुठी धरून मशीनच कापडावरून फिरवतात. मशीन एका गाड्यावर पुढे-मागे चालतं आणि तो गाडा फ्रेमच्या रुळांवर डावी-उजवीकडे. तिन्ही थरांना आधी कच्चे टाके घालायचे नाहीत, की जमिनीवर गुडघे टेकून शेकडो पिना लावायच्या नाहीत. आपल्या वयात एवढं एक कारण पुरतं.

खोली

फ्रेम बारा फुटी असली म्हणजे बारा फूट रुंद क्विल्ट होतं असं नाही. दोन्ही टोकांना मशीनला थांबायला जागा लागते, आणि अस्तर टॉपपेक्षा चारी बाजूंनी चार-चार इंच जास्त घ्यावं लागतं. दहा फुटी फ्रेमवर साधारण शंभर इंच रुंदीपर्यंतचं काम बसतं. किंग साइज, म्हणजे १०८ इंच आणि वर करायचं असेल तरच बारा फुटी हवी. आता आपण कुणासाठी काय शिवतो ते आठवा. नातवंडांची दुपटी, एकट्याच्या अंगावर घ्यायची पाच बाय सात फुटांची गोधडी, कधीतरी क्वीन साइजचं एखादं. याला दहा फुटी फ्रेम भरपूर झाली, आठ फुटी मिळाली तरी बरंच काम होतं. दुसऱ्यांची क्विल्टं पैसे घेऊन करून द्यायचा विचार असेल तर मात्र बारा फुटीच बघा, कारण गिऱ्हाईक कुठल्या मापाचं आणेल सांगता येत नाही.

लांबीत फ्रेमपेक्षा निदान अडीच-तीन फूट जास्त धरा, म्हणजे एका टोकाने पलीकडे जाता येईल. रुंदीत फ्रेम आणि मशीन मिळून चारेक फूट जातात. पुढे उभं राहायला तीन फूट, मागे दोन-अडीच. पुष्कळ जणी मागची बाजू भिंतीला चिकटवतात आणि मग पँटोग्राफ करायची वेळ आली की रडतात, कारण कागदावरची नक्षी लेझरच्या ठिपक्याने गिरवायचं काम मशीनच्या मागे उभं राहूनच करायचं असतं. म्हणजे बारा फुटी फ्रेमला साधारण पंधरा बाय साडेनऊ फूट. या मापात तळघराचे लोखंडी खांब येतात का, हीटरची नळी डोक्याला लागते का, तेही बघा.

मग जिना. काही फ्रेमचे रोलर तुकड्यांत सुटतात, काहींचे अखंड असतात. विकणारीला फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा. अखंड असतील तर हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसीची नळी आणून तेवढ्याच लांबीची जोडा आणि ती जिन्यावरून खाली नेऊन बघा. नळी वळली नाही तर रोलरही वळणार नाही. आमच्या ओळखीत एकीने शेवटी तळघराच्या एग्रेस खिडकीतून (आणीबाणीत बाहेर पडायची मोठी खिडकी) रोलर आत घेतले. ते चालतं, फक्त खिडकी आधी मोजा.

थ्रोट, आणि गोधडीची अडचण

सुईपासून मशीनच्या मागच्या खांबापर्यंतच्या मोकळ्या जागेला थ्रोट म्हणतात. घरगुती मशीनला तो सात-आठ-नऊ इंच असतो, मिडआर्मना तेरा ते सोळा, लाँगआर्मना अठरापासून सव्वीस आणि त्याच्याही वर. हे सगळे इंच कामाला येत नाहीत. शिवून झालेला भाग थ्रोटमधल्या रोलरवर गुंडाळला जातो, ती गुंडाळी जाड होत जाते आणि जागा खात जाते. अठरा इंची मशीनवर चौदा-एक इंचांचा पट्टा हाती लागतो, शेवटी शेवटी त्याहून कमी. म्हणूनच घरगुती मशीन छोट्या फ्रेमवर चढवून विकायला काढलेलं दिसलं तर स्वस्त म्हणून धावू नका. नऊ इंचांतले पाच गुंडाळीतच जातात, आणि उरलेल्या चार इंचांत फूलसुद्धा पूर्ण होत नाही.

आता जे इंग्रजी माहितीत कुठेच सापडणार नाही ते सांगते. माझं माहेर कराडचं. आमच्याकडे गोधडीला टाके घालतात ते काठाकडून सुरू करून आत, चौकोनात चौकोन, मध्यापर्यंत. बहुतेक मराठी बायकांच्या मनात शिवायचं म्हणजे हेच चित्र असतं. आणि फ्रेमवर नेमकं हेच जमत नाही! फ्रेमवर एका वेळी कापडाचा एक आडवा पट्टाच समोर असतो. एक पूर्ण चौकोन फिरायचा तर क्विल्ट खालपर्यंत गुंडाळत न्यायचं, परत उलटं आणायचं, पुढच्या चौकोनाला पुन्हा तेच. दर वेळी ताण बदलतो आणि अस्तराला चुण्या पडतात. फ्रेमवर सोपं काय, तर आडव्या समांतर रेषा, लाटा, वेलबुट्टी, पँटोग्राफची एकसारखी नक्षी. सरळ रेषेसाठी चॅनल लॉक असतं. ते लावलं की मशीन एकाच दिशेला सरकतं. वापरलेल्या मशीनला ते आहे का आणि चालतं का, हे बघून घ्या.

ज्यांना चौकोनात चौकोनच हवाय त्यांनी फ्रेमच्या नादी लागू नये. त्यांच्यासाठी बसून चालवायचं लाँगआर्म असतं. हँडी क्विल्टरचं स्वीट सिक्स्टीन, एपीक्यूएसचं जॉर्ज, बर्निनाचं क्यू २० ही त्या जातीची. टेबलात बसवलेलं, मोठ्या थ्रोटचं मशीन, आणि कापड आपण फिरवायचं. कच्चे टाके घालावे लागतात हे खरं, पण जागा एका टेबलाची लागते आणि जुनं स्वस्तात मिळतं. माझ्या दोन मैत्रिणी फ्रेम बघायला निघाल्या आणि हे घेऊन आल्या. दोघी मजेत आहेत.

थरांचाही विचार करा. आपली गोधडी जुन्या सुती साड्यांच्या पाच-सहा थरांची असेल तर ती बॅटिंगच्या क्विल्टपेक्षा पातळ दिसली तरी सुईला जड जाते, कारण विणलेलं कापड दाट असतं. सुई वाकते, टाका सुटतो. अशा कामाला मशीनचा हॉपिंग फूट, म्हणजे सुईभोवती उडत चालणारा गोल पाय, वर-खाली करता येतो का हे विचारा आणि जाड सुई लावा. नऊवारीचे काठ मधल्या थरात घालू नका, बाकी काय घालायचं ते तुम्ही जाणा.

कुठे शोधायचं, किती द्यायचे

विक्रेत्याकडचं जुनं मशीन महाग पडतं, पण ते तपासलेलं असतं, थोडी हमी मिळते आणि कुणीतरी दोन तास बसून शिकवतं. पहिलंच मशीन असेल आणि घरात कुणाला पाना-पक्कड धरता येत नसेल तर तिथूनच घ्या. मोठ्या प्रदर्शनांमध्ये, एप्रिलमधलं पडूका किंवा शरद ऋतूतलं ह्यूस्टन, वर्गांसाठी वापरलेली मशीन प्रदर्शन संपताना सवलतीत विकली जातात. ती जवळजवळ नवी असतात. फेसबुक मार्केटप्लेस आणि क्रेगलिस्ट आहेतच. पण सगळ्यांत चांगली खबर गिल्डच्या, म्हणजे क्विल्ट करणाऱ्यांच्या मंडळाच्या, मासिक सभेत मिळते. तिथल्या आज्यांना कोण मशीन काढणार आहे हे जाहिरातीच्या सहा महिने आधी माहीत असतं, आणि त्या मशीनला तेल कोण घालत होतं नि कोण घालत नव्हतं हेही.

भावांचा अंदाज देते, मी पाहिलेल्या व्यवहारांवरून. सोळा इंची मिडआर्म फ्रेमसकट दोन ते चार हजार डॉलर. अठरा ते चोवीस इंची, स्टिच रेग्युलेटर (टाक्यांची लांबी आपोआप सारखी ठेवणारं साधन) असलेलं, पाच ते दहा हजार. कॉम्प्युटर जोडलेलं असेल तर दहाच्या पुढे कुठेही. नव्या कॉम्प्युटरवाल्याचा भाव ऐकला की नवरे पाणी मागतात, त्यामुळे ती पट्टी लावून 'केवढं स्वस्त' म्हणू नका. स्टिच रेग्युलेटर नसलेलं जुनं मशीन फार स्वस्तात दिसेल. हात किती वेगाने फिरतो यावर टाक्याची लांबी ठरते आणि ती सारखी ठेवायला वर्षं जातात. ज्यांना तेवढी चिकाटी आहे त्यांनी जरूर घ्यावं. मला नाही.

घ्यायच्या आधी एखाद्या दुकानात तासाच्या भाड्याने लाँगआर्म चालवून बघा. छोटा वर्ग करावा लागतो, मग तुमचं क्विल्ट तिथेच पूर्ण करता येतं. पुष्कळ जणींचं मन इथेच भरतं. वर्षाला दोन-तीनच क्विल्टं करणारीला भाडं परवडतं, मशीन परवडत नाही.

बघायला जाताना

फोनवर सांगून ठेवा, "मी येईपर्यंत सुरू करू नका." थंड मशीन पहिल्यांदा सुरू होताना कसं वाजतं ते ऐकायचं असतं. पिशवीत आपला मांजरपाट, बॅटिंगचा तुकडा, नेहमीच्या दोऱ्याचा कोन, नव्या सुया, टॉर्च, मोजपट्टी आणि पाणसळ घ्या. बहुतेक लाँगआर्मना घरच्या मशीनच्या सुया बसत नाहीत, म्हणून सुईचा प्रकार आधी विचारा. वरचा दोरा एका रंगाचा नि बॉबिनचा दुसऱ्या रंगाचा ठेवा, म्हणजे टेन्शनची, म्हणजे दोऱ्याच्या ताणाची, लबाडी लपत नाही. विकणारीने आधीच लावून ठेवलेल्या कापडावर तिच्या दोऱ्याने दाखवलेले सुंदर टाके बघून पैसे देऊ नका. तिचा हात त्या मशीनला सरावलेला असतो.

आधी मशीन बंद असतानाच हात लावून बघा. सुईची दांडी बोटांत धरून हलवा. आजूबाजूला खडखडली तर आतलं बुशिंग झिजलंय. बॉबिनची डबी काढा, तिच्यावर पोचे आहेत का बघा, मग टॉर्च मारून हुक, म्हणजे सुईचा दोरा पकडणारा खालचा फिरता भाग. हुकवरून नख फिरवा. सुई आपटून चरा पडला असेल तर नख अडकेल, आणि तिथेच पुढे दोरा अडकून तुटत राहील. बारीक चरे मेकॅनिक घासून काढतो. गंज दिसला तर मात्र भाव पाडा किंवा निघून या. दोरा जाणाऱ्या तारांना आणि कड्यांना खाचा पडल्यात का तेही बघा. त्या स्वस्तात बदलता येतात, पण त्यावरून मशीन किती चाललंय ते कळतं.

काही मशीन पडद्यावर आजवरच्या एकूण टाक्यांचा आकडा दाखवतात. तो मोठा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. धंदा करणारीचं मशीन रोज चालतं, तिला दर बॉबिनला हुकमध्ये थेंबभर तेल घालायची सवय असते, वर्षाकाठी सर्व्हिसिंग झालेलं असतं. ओलसर गॅरेजमध्ये चार वर्षं चादरीखाली बसलेलं 'फारसं न वापरलेलं' मशीन मला जास्त संशयास्पद वाटतं. टॉवेल वाळत घालणाऱ्या विक्रेत्यांचं वेगळं. त्यांचं मशीन गरम खोलीत असतं, आकडा लहान असतो, आणि त्यांना ती जागा लवकर मोकळी हवी असते.

आता सुरू करा. हळू, मग मध्यम, मग पूर्ण वेगाने. सलग घरघर चालेल, पण मधूनच ठोका पडत असेल तर तो कुठून येतो हे विचारा आणि उत्तर पटलं नाही तर पुढचं बघू नका. पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. काही विजेचे दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात.

मग शिवून बघा, आणि इथे घाई करू नका. स्टिच रेग्युलेटर इंचाला दहा-बारा टाक्यांवर लावा. एक लांब आडवी रेघ, एक उभी, दोन्ही तिरप्या, मग गोल डावीकडून, गोल उजवीकडून, मग टोकं असलेली नागमोडी. एकदा गोगलगायीच्या वेगाने आणि एकदा भराभर. टाके सगळीकडे सारखे हवेत. आडवे टाके बरोबर आणि उभे लांबलेले असतील तर एका दिशेच्या एन्कोडरमध्ये गडबड आहे. चाकाला टेकून हालचाल मोजणारी ही बारकी चकती, दर दिशेला एक असते. बरेचदा नुसती वायर सैल असते किंवा चकती चाकाला नीट टेकत नसते. दोष किरकोळ, पण भाव करायला चांगला. उजवीकडे जाताना नीट आणि डावीकडे येताना टाका सुटतो, तर सुई तिरकी बसलीय किंवा टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकचा मेळ, गेलंय. सुई नव्याने बसवून बघा. तरीही सुटला तर टायमिंग, म्हणजे मेकॅनिकची एक फेरी.

शेवटी कापड उलटं करा आणि खालच्या बाजूवरून तळहात फिरवा. गोलाईच्या जागी खालचा दोरा सरळ ताणलेला आणि त्यावर वरच्या दोऱ्याचे पापण्यांसारखे केस आलेले दिसले तर टेन्शन तरी सैल आहे किंवा तुम्ही फार जोरात वळलात. वरचं टेन्शन थोडं कसा, हळू वळा, पुन्हा बघा. असं करून दोन्ही बाजूंचं टेन्शन जुळवता आलं तर मशीन चांगलं आहे. कितीही फिरवलं तरी एका बाजूला बरोबर नि दुसरीकडे चूक येत असेल तर मशीन राहू द्या.

फ्रेमची परीक्षा

मशीनला एका बोटाने ढकला. ते सहज, आवाज न करता टोकापर्यंत गेलं पाहिजे. ठक-ठक असा ताल ऐकू आला तर एखादं चाक एका जागी बसून चपटं झालंय. चाकं बदलता येतात, त्या मॉडेलची अजून मिळतात का ते तिथूनच कंपनीला फोन करून विचारा. रुळांवर बोट फिरवा, दोऱ्याचा भुगा असेल तर पुसून पुन्हा ढकला. मध्यावर सोडलेलं मशीन आपोआप एका बाजूला चालायला लागलं तर फ्रेम पातळीत नाही. हे दुरुस्त होतं. पण रुळालाच बाक आलेला असेल तर होत नाही. डोळा रुळाच्या रेषेत आणून बघा, किंवा टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणा.

रोलर मध्ये झोळ खातात का, हेही त्याच दोरीने. जुन्या, बारीक नळीच्या बारा फुटी फ्रेममध्ये हा दोष असतो, आणि झोळ असला की क्विल्टचा मधला भाग सैल राहतो, काठ ताणले जातात. रोलर अडवणारे दाते झिजलेत का बघा: ताण दिल्यावर रोलर मागे सरकता कामा नये. रोलरना जोडलेलं लीडरचं कापड फाटकं असलं तर चालेल, ते जाड कॅनव्हासचं स्वतः शिवता येतं. पायांची उंची तुमच्या कोपरापर्यंत येते का? विकणारी सहा फुटी असेल आणि तुम्ही पाच फुटी, तर पाय किती खाली येतात हे आताच बघा, नाहीतर आयुष्यभर खांदे वर करून शिवाल.

कागदपत्रं आणि कॉम्प्युटर

मशीनचा सीरियल नंबर टिपून घ्या आणि कंपनीला फोन करा. मशीन कुठल्या साली बनलं, त्याचे सुटे भाग अजून मिळतात का, हमी उरली असेल तर ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, तिन्ही विचारा. बरेचदा होत नाही. मूळ पावती मागा. ही मशीन हप्त्यांवर घेतली जातात, म्हणून कर्ज फिटलंय का हे स्पष्ट विचारायला लाजू नका.

कॉम्प्युटर असेल तर त्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना तुमच्या नावावर होतो का, त्याला काही फी आहे का, डाँगल (सॉफ्टवेअर उघडणारी छोटी किल्ली, कॉम्प्युटरला लावायची) हातात आहे का, हे पैसे देण्याआधी. डाँगल हरवला तर तो पडदा भिंतीला टांगायच्या लायकीचा. तसंही, पहिल्या मशीनला कॉम्प्युटर घेऊ नये असं माझं मत आहे. दहा वर्षं जुनं मशीन उत्तम चालतं, दहा वर्षं जुना टॅब्लेट चालत नाही.

सोबत काय काय मिळतं ते लिहून घ्या: बॉबिन (एल की एम, दोन्ही एकमेकांना चालत नाहीत), बॉबिन भरायचं वेगळं यंत्र, बाजूच्या क्लिपा, जाड पट्ट्या, पँटोग्राफचे कागद. 'दीडशे कोन दोरा फुकट' याचे पैसे भावात धरू नका. जुना सुती दोरा ओढून बघा, तटकन तुटला तर तो कचरा.

आणि परत जायचा विचार असलेल्यांसाठी. इथलं मशीन १२० व्होल्टवर चालतं, भारतात २३० आहे. मागच्या पट्टीवर १००-२४० लिहिलेलं असेल तर वेगळी गोष्ट, नाहीतर मोठा ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याहून मोठी अडचण म्हणजे तिकडे टायमिंग बिघडलं तर बघणारा शोधावा लागेल. बसून चालवायचं मशीन नेता येईल. बारा फुटी फ्रेम इथेच विकून जा.

आणणं आणि उभारणं

सोडवण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो काढा, वायरींना क्रमांकाच्या चिकटपट्ट्या लावा, बोल्ट जागेनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत. शक्यतो विकणारी समोर असताना सोडवा, कारण तिला माहीत असतं कुठला स्क्रू उलटा फिरतो. मशीनचं डोकं चाळीस-पन्नास पौंडांपासून सत्तर-ऐंशीपर्यंत भरतं. सुई काढून, उभं, रजया गुंडाळून, दोन माणसांनी उचलायचं, आणि मुठींना धरून कधीच नाही. आयोवाच्या जानेवारीत ट्रकमधून गार झालेलं मशीन उबदार घरात आणलं की त्यावर दव धरतं. रात्रभर तसंच गुंडाळून ठेवा, प्लग लावू नका.

तळघराची जमीन पाणी वाहून जावं म्हणून मोरीच्या दिशेने उतरती असते. डोळ्यांना दिसत नाही, मशीनला कळतं. म्हणून फ्रेम उभी केली की आधी कर्ण मोजा: दोन्ही सारखे आले म्हणजे काटकोन बरोबर. मग पाणसळ लांबीत, रुंदीत आणि प्रत्येक पायापाशी, आणि पायाचे स्क्रू फिरवत पातळी आणा. मशीन मध्यावर सोडलं की जागचं हलता कामा नये. गालिचा असेल तर पायाखाली प्लायवूडचे तुकडे घाला, नाहीतर पाय रुततात आणि सगळं पुन्हा करावं लागतं. दोन आठवड्यांनी बोल्ट पुन्हा आवळा आणि पाणसळ पुन्हा लावा, कारण नवी जागा बसायला वेळ घेते. उन्हाळ्यात डीह्युमिडिफायर लावाच, हुकला गंज धरतो तो त्याच दिवसांत.

पहिले काही दिवस नुसता मांजरपाट लावा. नाव लिहा, आडवी-उभी बाराखडी लिहा. मराठी अक्षरं यासाठी फार चांगली, गोलाई आणि टोकं दोन्ही येतात. टेन्शन कुठल्या आकड्यावर बसलं, कुठला दोरा, कुठली सुई, ते मशीनला अडकवलेल्या वहीत टिपा. मेकॅनिकला पहिल्या महिन्यातच एकदा बोलवा आणि तो काम करत असताना शेजारी उभं राहून बघा. टायमिंग कसं लावतात हे त्याला विचारलंत तर बहुतेक जण आनंदाने दाखवतात.